अ‍ॅरिस्टॉटल नेमका कुठे चुकला आणि गॅलिलिओने केलं तरी काय?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी दहावीत, गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू आहे. तिने विचारलं, "अ‍ॅरिस्टॉटलने गच्चीवरून दोन दगड टाकले असते तर 'जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते' हे त्याचं म्हणणं चूक आहे, हे दोन मिनिटांत कळलं असतं. मग दोन हजार वर्षं कुणालाच कसं सुचलं नाही? आणि गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून खरंच गोळे टाकले का?" वडिलांना उत्तर देता आलं नाही. त्यांना ते सविस्तर हवं आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात आणि प्रयोगशाळा सांभाळण्यात आयुष्य घालवलं. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा "अ‍ॅरिस्टॉटल नुसता विचार करायचा, गॅलिलिओने प्रयोग केला" एवढ्यावर त्याची बोळवण होते. हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण त्यातला पहिला अर्धा भाग धडधडीत खोटा आहे.

अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) हा ग्रीक तत्त्वज्ञ डोळे मिटून बसणारा माणूस नव्हता. कोंबडीची अंडी एकेक दिवसाच्या अंतराने फोडून आतलं पिल्लू कसं वाढतं, हे त्याने लिहून ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताचा एक ठिपका धडधडताना दिसतो, तेच हृदय, हे त्याचं निरीक्षण आहे. शार्क कुळातल्या एका माशाचं पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं, असंही त्याने लिहिलं. पुढे शतकानुशतकं कुणाला ते खरं वाटलं नाही. १८४२ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने तो मासा तपासला आणि म्हातारा बरोबर निघाला. अशा माणसाला 'न बघता बोलणारा' म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

मग पडणाऱ्या वस्तूंबद्दल तो काय म्हणाला? ढोबळमानाने दोन गोष्टी. वस्तू जितकी जड तितकी ती वेगाने पडते. दुप्पट वजनाची वस्तू तेच अंतर निम्म्या वेळात कापते. आणि माध्यम, म्हणजे वस्तू ज्यातून पडते ते हवा-पाणी-तेल, जितकं दाट तितका वेग कमी. आता हे नियम हवेत न तपासता तेलात तपासून बघा. आमच्या प्रयोगशाळेत एरंडेलाने भरलेली उंच काचेची नळी असायची, तेलाचा दाटपणा मोजण्याच्या प्रयोगासाठी. त्यात एकाच आकाराचे दोन बारीक मणी सोडायचे, एक काचेचा आणि एक स्टीलचा. काचेचा मणी डुलत डुलत चाललेला असतो तोवर स्टीलचा तळाला जाऊन बसतो, कारण त्याचा वेग साधारण चौपट असतो. तेलाचा उद्धरणबल म्हणजे वर ढकलणारा जोर वजा केला, तर उरलेल्या वजनाच्या प्रमाणातच हा वेग असतो आणि तेल जितकं दाट तितका तो कमी होतो. अ‍ॅरिस्टॉटलचं वाक्य या नळीत जवळजवळ शब्दशः खरं आहे. पाण्यात बुडणारे खडे, हवेत तरंगत येणारं पान, धुळीचे कण या सगळ्यांबाबत त्याचं बरंचसं बरोबर येतं. रोजच्या जगात आपण ज्या गोष्टी पडताना निवांत बघू शकतो, त्या बहुतेक अशाच असतात. दगड पडताना निवांत बघताच येत नाही; तो दिसेपर्यंत पडलेला असतो.

इथेच तुमच्या मुलीच्या 'दोन मिनिटां'चं उत्तर आहे. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, म्हणजे साधारण १० मीटरवरून, दगड टाकला तर तो सुमारे १.४ सेकंदात खाली येतो आणि जमिनीशी त्याचा वेग सेकंदाला १४ मीटर असतो. आता दोन हातांतून दोन दगड सोडताना एक हात फक्त एक-विसांश सेकंद उशिरा उघडला, तर खाली दोन दगडांमध्ये ७० सेंटिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यावरून काय निष्कर्ष काढणार? आणि हात उशिरा उघडतोच. तरुण गॅलिलिओने १५९० च्या सुमारास लिहिलेल्या टिपणांत एक विचित्र वाक्य आहे: लाकडाचा गोळा सुरुवातीला पुढे असतो, मग शिशाचा त्याला गाठून पुढे जातो. बरीच वर्षं अभ्यासक म्हणत, हा तर्क असणार, कारण असं घडूच शकत नाही. थॉमस सेटल या अमेरिकी इतिहासकाराने माणसांच्या हातात तसे गोळे देऊन फोटो काढून पाहिले. जड गोळा घट्ट धरून ठेवलेला हात थकतो आणि किंचित उशिरा सुटतो. दोन्ही हात एकदम उघडले असं त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटत असतं. म्हणजे गॅलिलिओने गोळे टाकले होते, आणि त्याला जे दिसलं तेच त्याने लिहिलं. फक्त ते हाताबद्दल होतं, गुरुत्वाकर्षणाबद्दल नव्हतं.

पिसाच्या मनोऱ्याचं म्हणाल तर त्या गोष्टीचा एकमेव आधार म्हणजे त्याचा शेवटच्या वर्षांतला तरुण शिष्य व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी. त्याने गुरूचं चरित्र १६५४ मध्ये, म्हणजे गॅलिलिओ वारल्यावर बारा वर्षांनी लिहिलं, आणि ते छापलं गेलं १७१७ मध्ये. गॅलिलिओ पिसात शिकवत होता १५८९ ते १५९२. त्याच्या स्वतःच्या लिखाणात त्या मनोऱ्यावरच्या जाहीर प्रयोगाचा उल्लेख नाही, आणि विद्यापीठातल्या कुणीही 'असा प्रकार पाहिला' असं लिहून ठेवलेलं नाही. शिवाय त्या काळात गॅलिलिओचं स्वतःचं मत आजच्यासारखं नव्हतंच. एकाच पदार्थाचे लहानमोठे गोळे बरोबर पडतात, पण शिसं आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने पडतात, असं तो तेव्हा मानत होता. मनोऱ्यावरून गोळे त्याने कधी टाकलेच नसतील असं मी म्हणत नाही, पण जगाचा इतिहास बदलणारा प्रयोग तो नव्हे. तसा छापील पुरावा असलेला प्रयोग हवा असेल तर डच अभियंता सिमोन स्टेव्हिनचा घ्या. एकाच्या दहापट वजनाचा दुसरा, असे शिशाचे दोन गोळे त्याने ३० फुटांवरून लाकडी फळीवर टाकले आणि दोघांचा आवाज एकच आला असं १५८६ मध्ये प्रसिद्ध केलं.

'दोन हजार वर्षं कुणालाच सुचलं नाही' हेही खरं नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात जॉन फिलोपोनस हा तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्य लिहिताना सरळ सांगतो की वजनात मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून टाका, वेळेतला फरक अगदी किरकोळ निघतो. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान हा तत्त्वज्ञ फेकलेल्या वस्तूत 'जोर' साठून राहतो असं म्हणत होता, आणि ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातली मंडळी एकसमान वाढणाऱ्या वेगाचं गणित मांडत होती. पॅरिसच्याच ओरेम या विद्वानाने त्याची आकृतीसह सिद्धताही दिली. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलवर शंका होती आणि गणितही होतं. पण मर्टनच्या त्या मंडळींनी आपलं गणित पडणाऱ्या दगडाला लावून पाहिलं नाही, आणि फिलोपोनसने दगड पाहिला पण त्याला गणित लावलं नाही. सगळ्यांचा मुख्य प्रश्न एकच होता: वस्तू पडते ती का?

गॅलिलिओने तो प्रश्नच बाजूला ठेवला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हे. त्याच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात तीन पात्रं गप्पा मारतात. हा ग्रंथ चर्चने त्याच्यावर चालवलेल्या १६३३ च्या खटल्यानंतर नजरकैदेत पुरा झाला आणि १६३८ मध्ये हॉलंडातल्या लायडनला छापला गेला, कारण इटलीत छापायची सोय राहिली नव्हती. तोवर लेखकाची दृष्टीही गेली होती. त्यात त्वरणाच्या, म्हणजे पडताना वेग वाढत जाण्याच्या, कारणाची चर्चा निघते तेव्हा गॅलिलिओची बाजू मांडणारा साल्व्हियाती म्हणतो की या कारणाचा शोध घ्यायची ही वेळ नव्हे; किती वेळात किती अंतर, एवढं आधी पाहू. दोन हजार वर्षांच्या तत्त्वज्ञानाला हे शरणागतीसारखं वाटलं असतं. 'का' ला उत्तर न देणारं ज्ञान ते ज्ञानच नव्हे, अशी तेव्हाची समजूत होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनेही तक्रार केली होती की या माणसाने पाया न घालता इमारत बांधली.

पण 'किती वेळात' हे मोजायचं कसं? सेकंदकाटा असलेलं घड्याळ नाही, आणि दगड दीड सेकंदात खाली. इथे त्याने जी युक्ती काढली ती मला अजूनही थक्क करते. पडणं मोजता येत नाही ना, मग पडणं हळू करू. त्याने बारा हात लांबीची (इटलीतला हात, साधारण ५८ सेंटिमीटर, म्हणजे फळी जवळजवळ ७ मीटर) लाकडी फळी घेतली, तिच्या कडेला बोटभर रुंदीची सरळ खाच कोरली, ती घासून गुळगुळीत केली, आत चर्मपत्र चिकटवलं आणि काशाचा घोटीव गोळा त्यातून सोडला. फळीचं एक टोक एक-दोन हात उचललेलं. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं, त्याला खाली बारीक नळी. गोळा सुटला की पाणी पेल्यात घ्यायचं, पोहोचला की बंद करायचं, आणि पेल्यातलं पाणी तराजूवर तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजे वेळ. शंभर शंभर वेळा करून पाहिलं, नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक आला नाही, असं तो लिहितो.

विसाव्या शतकातला नामांकित इतिहासकार अलेक्झांद्र कोय्रेला हे अजिबात पटलं नाही. पाणी तोलून इतकी अचूकता? हा प्रयोग गॅलिलिओने मनातच केला असणार, असं त्याचं मत होतं, आणि बराच काळ ते चाललं. मग १९६१ मध्ये वर उल्लेख केलेल्या सेटलनेच फळी, गोळा आणि पाण्याचं भांडं जमवून प्रयोग हुबेहूब उभा केला. थोड्या सरावाने गॅलिलिओ म्हणतो तशी अचूकता सहज मिळते, हे त्याने दाखवून दिलं. ज्याने कधी प्रयोगशाळेत हात घातलाय त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. साधं उपकरण आणि बसलेला हात यांनी काय होतं हे ग्रंथालयात बसून कळत नाही.

त्याहून मजेशीर पुरावा फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात, गॅलिलिओच्या हस्तलिखित टिपणांत होता. १९७० च्या दशकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने तो उजेडात आणला. एका पानावर समान वेळांच्या शेवटी गोळ्याने कापलेल्या एकूण अंतरांच्या आकड्यांची उभी ओळ आहे: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. शेजारी १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. आता ३३ ला त्या वर्गसंख्यांनी गुणून बघा: ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२. गॅलिलिओचे आकडे याच्या इतके जवळ आहेत की ते मोजलेले आहेत यात शंका नको, आणि इतके तंतोतंत नाहीत की ते रचलेले असतील. विद्यार्थ्यांच्या जर्नल तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मी हे खात्रीने सांगतो. रचलेले आकडे नेहमी जास्त चांगले असतात.

हे अंतर समान वेळांत मोजलं कसं, याबद्दल ड्रेक यांचा तर्क असा की त्याने फळीवर तातीचे, म्हणजे आतड्याच्या तारेचे, आडवे बांध घातले. गोळा त्यावरून जाताना टक्क आवाज येतो. आवाज ठेक्यात येईपर्यंत बांध पुढेमागे सरकवायचे आणि मग फक्त अंतर मोजायचं. घड्याळाची गरजच नाही, लय पकडणारा कान पुरे. हा तर्क सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण त्याला घराचा आधार आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारे आणि संगीताचे अभ्यासक होते. तारेवरचा ताण आणि स्वराची उंची यांचा संबंध त्यांनी वजनं टांगून तपासला होता. स्वतः गॅलिलिओही ल्यूट चांगला वाजवायचा. तातीचे बांध सरकवणं हे त्या घरातलं रोजचं काम.

अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हा नियम मिळाला तरी त्यामागचं तत्त्व लगेच हाती आलं नाही, हेही मुलीला जरूर सांगा. १६०४ मध्ये पाओलो सार्पी या मित्राला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओ अंतराचा नियम बरोबर देतो, पण वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं त्याला तेव्हा वाटत होतं. कॅल्क्युलस येणाऱ्याने करून पाहावं: तसं असेल तर हातातून सोडलेला दगड जागचा हलणारच नाही, कारण अंतर शून्य तर वेग शून्य आणि वेग शून्य तर अंतर शून्य. वेग अंतराच्या नव्हे, वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे पक्कं व्हायला पुढे काही वर्षं गेली.

राहिला प्रश्न जड-हलक्याचा. यावर त्याचा तर्क प्रसिद्ध आहे: जड दगडाला हलका बांधला तर हलका त्याला मागे खेचेल, म्हणून जोडी हळू पडेल, पण जोडी एकट्या जडापेक्षाही जड आहे, म्हणून ती जलद पडेल. दोन्ही एकदम शक्य नाही. तर्क सुंदर आहे आणि पुस्तकांत तोच येतो. मला मात्र त्याच ग्रंथातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वेगवेगळी माध्यमं घेऊन बसतो. पाऱ्यात सोनं बुडतं, पण शिसं आणि तांबं तरंगतात. केवढा मोठा फरक! पाण्यात हे तिन्ही धातू बुडतात, वेगांतला फरक कमी होतो. हवेत सोन्याचा आणि तांब्याचा गोळा शंभर हातांवरून सोडले तर सोनं चार बोटंही पुढे नसेल. माध्यम विरळ होत जाईल तसा फरक मिटत जातो. मग माध्यमच नसेल तर? निर्वात पंप अजून जन्माला यायचा होता. त्याला कधीही न दिसलेल्या पोकळीतला निकाल त्याने असा पायरीपायरीने गाठला. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने २ ऑगस्ट १९७१ ला चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, तो व्हिडिओ मुलीला नक्की दाखवा.

आणि हवेत जो बारीक फरक उरतो त्याबद्दल साल्व्हियातीने समोरच्याला चांगलंच सुनावलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशोबाने शंभरपट वजनाचा मोठा गोळा शंभर हात खाली येईल तेव्हा छोटा एकच हात आलेला असायला हवा. प्रत्यक्षात तो दोन बोटंच मागे राहतो, आणि तुम्ही त्या दोन बोटांआड अ‍ॅरिस्टॉटलचे नव्याण्णव हात लपवू बघता! कुठली चूक मोठी आणि कुठली सोडून द्यायची, हे ठरवणं प्रयोग करण्याइतकंच नवं होतं.

जाता जाता एक, कारण ते नेहमी विचारलं जातं: 'भास्कराचार्यांनी हे आधीच सांगितलं होतं ना?' सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात, बाराव्या शतकात, पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातली जड वस्तू आपल्याकडे ओढते, असं स्पष्ट म्हटलं आहे. हे मोठंच आहे आणि अभिमानाने सांगावं. पण ते 'का पडतं' याचं उत्तर आहे. पहिल्या क्षणात किती आणि दुसऱ्यात किती, हा प्रश्न त्या श्लोकात नाही. दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची शर्यत लावण्यात अर्थ नाही.

गॅलिलिओचं प्रमाण बरोबर होतं, पण प्रत्यक्ष आकडा मात्र चांगलाच चुकला. शंभर हातांवरून लोखंडी गोळा पाच सेकंदांत खाली येतो असं त्याने १६३२ च्या ग्रंथात लिहिलं. खरी वेळ साडेतीन सेकंदांच्या आत आहे. ही तफावत पुढे बोलोन्याच्या असिनेल्ली मनोऱ्यावर दुरुस्त झाली. तिथे गोळे टाकणारा जोव्हान्नी बातिस्ता रिचोली हा जेझुइट पाद्री कोपर्निकसच्या विरोधातला, पृथ्वी स्थिर मानणारा. गॅलिलिओचा नियम चुकला असता तर त्याला आवडलंच असतं. वेळ मोजायला लंबक घेऊन, आंदोलनं मोजायला सहकारी पाद्री बसवून त्याने नीट मोजमाप केलं, आणि समान वेळांतली अंतरं १, ३, ५, ७ अशीच, म्हणजे बेरजेने १, ४, ९, १६, निघाली. सारख्या आकाराच्या पण कमीजास्त वजनाच्या गोळ्यांमध्ये जड गोळा हवेमुळे थोडा आधी पोहोचतो, हेही त्याला दिसलं. दोन्ही निकाल त्याने १६५१ मध्ये छापले.

घरी करून बघायचं असेल तर सरकत्या खिडकीसाठी मिळतं तसं अ‍ॅल्युमिनियमचं दोन मीटर चॅनेल आणि सायकलच्या दुकानातला मोठा छर्रा आणा. वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर चॅनेलला आडवा बारीक दोरा घट्ट बांधा, छर्रा त्यावरून टक्क करून जाईल पण अडणार नाही इतपत. वरचं टोक पाच-सहा सेंटिमीटर उचला, छर्रा धक्का न देता सोडा. ठोके सारख्या वेळाने ऐकू येतील. उतार वाढवा, ठोके जलद होतील, पण समानच राहतील. मग दोरे ४०, ८०, १२०, १६० वर बांधून तिला फरक ऐकू द्या. छर्रा अडखळला तर दोरा जाड आहे; शिवणाचा साधा धागा वापरा. आणि परीक्षेत 'एकाच वेळी पडतात' असं लिहिताना 'हवेचा विरोध नगण्य मानल्यास' हे शब्द गाळायचे नाहीत, अर्धा गुण तिथेच जातो.